क्लब परदेशी शेठने घेतला तर नाचायचं की रडायचं?

नेरूळचा_नऊ_नंबर

मंडळी, तीन आठवडे डोक्यात किडा वळवळतोय, शेवटी धागा काढला.

आमची भाची ठाण्याला, पाचपाखाडीत राहते. नववीत आहे. मँचेस्टर सिटीची कट्टर. हालांडने गोल मारला की मला रात्री दीड वाजता मेसेज येतो. परवा घरी आली तेव्हा मी मोठ्या प्रेमाने म्हटलं, चल, तुला अंधेरीला मुंबई सिटीची मॅच दाखवतो. तर म्हणते, "मामा, पण ते आता आपले कुठे राहिले? सिटीवाल्यांनी सोडलं ना त्यांना!"

आपले! मी ऑक्टोबर २०१४ मध्ये एल.पी.ला बसमधून उतरून डी. वाय. पाटीलपर्यंत चालत गेलो होतो. पुण्याला पाच-शून्य हाणलं होतं, आंद्रे मोरित्झने तीन मारले होते. तेव्हापासून क्लब आपला. आणि हिच्या लेखी तो आपला होता, कारण अबू धाबीचा शेठ दोन्हीकडे एकच होता.

पण खरं सांगू? चिडायचा मला अधिकार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीवाल्या त्याच शेठची कंपनी) ६५ टक्के हिस्सा घेतला (उरलेला रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे) तेव्हा ऑफिसात पेढे वाटणारा मीच. दीड वर्षात इंडियन सुपर लीगची शील्ड (साखळीत पहिला नंबर) आणि कप (फायनलचा) दोन्ही आले. २०२३ ला परत शील्ड. २०२४ ला मोहन बागानला त्यांच्याच सॉल्ट लेकवर ३-१ हरवून परत कप. आणि डिसेंबर २०२५ मध्ये लीगच्याच भवितव्याचा पत्ता नाही म्हणून ग्रुपने हिस्सा जुन्या मालकांच्या हाती दिला आणि काढता पाय घेतला.

तर प्रश्न असा: बाहेरचा गडगंज माणूस आपला क्लब घेतो तेव्हा चाहत्याने करायचं काय? तेव्हा वाटलेल्या पेढ्यांची आता लाज वाटली पाहिजे का?

कोपरीचा_कोपरा

मी पयला! आता वाचतो.

तर्री_मारके

पेढे कुठले होते त्यावर अवलंबून आहे.

टायनसाइड_ठाणेकर

नऊ नंबर, तुमच्या प्रश्नावर माझ्याकडे बरंच साठलंय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी २०१८-१९ मध्ये न्यूकॅसलला शिकायला होतो. घरमालक सत्तरीचा म्हातारा, आयुष्यभर सेंट जेम्स पार्कला, म्हणजे न्यूकॅसल युनायटेडच्या मैदानावर जाणारा. पण मी तिथे होतो तेव्हा त्याने जाणं सोडलं होतं. तेव्हाचे मालक माइक अ‍ॅशली. २००७ साली क्लब घेतला आणि मधे जवळजवळ वर्षभर मैदानाला चक्क स्वतःच्या दुकानांचं नाव देऊन टाकलं. दोनदा क्लब खालच्या डिव्हिजनला गेला. म्हातारा मॅचच्या दिवशी मुद्दाम बागेत गवत कापत बसायचा. रेडिओ मात्र खिडकीत लावलेला असायचा, आवाज अगदी बारीक. मी विचारलं तर म्हणायचा, हवामान ऐकतोय.

७ ऑक्टोबर २०२१ ला सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने ८० टक्के हिस्सा घेतला. पूर्ण व्यवहार ३०.५ कोटी पाउंडांचा. मैदानाबाहेर लोक नाचत होते. काही महाभाग डोक्याला किचनमधले टॉवेल अरबांसारखे बांधून आले होते. क्लबलाच विनंती करावी लागली की बाबांनो, असं करू नका, आणि तीन दिवसांनी तीही मागे घेतली! म्हाताऱ्याचा मला एका ओळीचा मेसेज आला: पुन्हा तिकीट काढलंय.

आता माझं. सौदी सरकारवर टीका करणारे पत्रकार खशोगी, त्यांचा खून झाला २०१८ ला, मी तिथे असतानाच. कॉलेजमध्ये त्यावर चर्चा झाली होती, मीही तावातावाने बोललो होतो. २०२२ ला क्लबने बाहेरच्या मॅचसाठी पांढरी-हिरवी जर्सी काढली, थेट सौदीच्या टीमसारखी. मी ती घेतली नाही. एवढाच माझा निषेध. कारण १६ मार्च २०२५ ला रात्री पावणेअकराच्या सुमारास डॅन बर्नने वेम्बलीवर हेडर मारला तेव्हा मी सोफ्यावरून अशी उडी मारली की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. लिव्हरपूलला २-१. देशातला मोठा कप १९५५ नंतर पहिल्यांदा, सत्तर वर्षांनी. आणि तो बर्न जवळच्याच ब्लाइथ गावचा पोरगा, लहानपणी ह्याच क्लबने काढून टाकलेला.

म्हाताऱ्याला फोन केला. तो रडत होता, मीही. त्या क्षणी मालक कोण हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं.

कोपरीचा_कोपरा

"हवामान ऐकतोय" __/\__

पुणेरी_पाहुणा

सगळे गृहीत धरून चाललेत की परदेशी शेठ म्हणजे कोणीतरी अरब नाहीतर अमेरिकन. पुणेकर फक्त पाट्या लावतात असा ठाणेकरांचा समज दिसतो. आम्ही इंग्लंडमधला क्लब घेतलेला आहे, दुपारी एक ते चार सोडून.

ब्लॅकबर्न रोव्हर्स. १९९५ चे प्रीमियर लीग विजेते. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने घेतला. तोच आपला कोंबडीवाला समूह. महिन्याभरात, टीम तेराव्या नंबरवर असताना, प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातायत अशी जाहिरात निघाली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध हरून क्लब खाली गेला. त्याच मॅचला कोणीतरी जिवंत कोंबडी क्लबच्या झेंड्यात गुंडाळून मैदानात सोडली. २०१७ ला क्लब थेट तिसऱ्या पायरीवर, एका वर्षात परत वर. मालकांनी पैसा ओतला नाही असं कोणी म्हणू शकत नाही, वर्षानुवर्षं ओतलाय. पण तिथल्या लोकांशी सूर जुळला नाही तो नाहीच.

तिकडच्या म्हाताऱ्यांना विचारा परदेशी शेठ म्हणजे कोण. पुण्याचं नाव घेतील.

तर्री_मारके

कोंबडी जिवंत मैदानात सोडली? आमच्याकडे हाफटाइमपर्यंत रस्सा झाला असता.

खारघरची_खार

पुणेरी, एक नंबर प्रतिसाद. हे डोक्यातच आलं नव्हतं. आपण कायम गिऱ्हाइकाच्या जागी बसून विचार करतो.

उलट उदाहरण देते. लेस्टर. २०१० ला थायलंडच्या विचाय यांनी घेतला. २०१६ ला सट्टाबाजारात ५००० ला १ चा भाव असताना लीग जिंकली. वाढदिवसाला प्रेक्षकांना फुकट बिअर आणि डोनट वाटायचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मॅचनंतर मैदानाबाहेरच त्यांचं हेलिकॉप्टर पडलं. तिथे फुलांचा आणि स्कार्फचा जो ढीग लागला, तो काय शेठसाठी होता? घरातलं माणूस गेल्यासारखा होता. मी टीव्हीवर बघत होते आणि सासूबाई विचारत होत्या, कोण गं हा, नेता होता का?

सानपाड्याचे_सीए

भावना बाजूला ठेवून आकड्यांवर येतो (सवय).

शेठ तीन प्रकारचे. एक, खिशातून पैसा घालणारा. न्यूकॅसल, मँचेस्टर सिटी, २००३ नंतरची चेल्सी. दोन, नफ्यासाठी आलेला. तीन, आणि हा अव्वल: क्लबच्याच पैशाने क्लब घेणारा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पाउंडांना घेतली, त्यासाठी भलं मोठं कर्ज काढलं, आणि त्यातला मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर चढवला. त्याआधी क्लबवर कर्ज जवळजवळ नव्हतं.

ठाण्याच्या भाषेत सांगतो. मी तुमची सोसायटी विकत घेतो. कर्ज बँकेचं, पण कागदावर कर्जदार सोसायटी. हप्ता तुमच्या मेंटेनन्समधून जाणार. आणि वर तुम्ही मला दिवाळीला मिठाई द्यायची, कारण चेअरमन मी.

लालबुंद_वाशी

सीएसाहेब, जखमेवर मीठ चोळू नका. १९९९ पासून युनायटेडचा आहे. २०१० ला लोकांनी हिरवे-सोनेरी स्कार्फ घातले, क्लबच्या जुन्या न्यूटन हीथच्या रंगांचे. मीही एक मागवला. पोस्टाने यायला दोन महिने लागले, आला तोवर मे महिना. चाळीस अंशाला वाशी स्टेशनवर लोकरीचा स्कार्फ घालून उभा होतो. एक बाई म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवा.

काही लोकांनी मात्र २००५ लाच वेगळी चूल मांडली. एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, सभासदांच्या मालकीचा क्लब. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण मी त्यांची एकही मॅच पाहिलेली नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

घोडबंदर_जॅम

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर हा धागा खरं म्हणजे पुनर्विकासाचा आहे. आमच्याकडे नौपाड्यात गेली चार वर्षं हेच चाललंय. बिल्डर आला की अर्धी सोसायटी नाचते, अर्धी कोर्टात जाते. जिम देणार, पोडियम देणार, कॉर्पस देणार. न्यूकॅसलवाले नाचले ते म्हणजे चाळीस वर्षं गळक्या छताखाली राहिलेले लोक. त्यांना विचारताय की बिल्डरचा पैसा कुठून आला? ते आधी छत बघणार.

नेरूळचा_नऊ_नंबर

घोडबंदर, उपमा चपखल आहे पण एक गोम आहे. सोसायटीत सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट असतं. बिल्डरला आमच्या सह्या लागतात. २०१९ ला माझी सही कोणी मागितली? मी पेढे वाटले, पण नसते वाटले तरी व्यवहार झालाच असता.

सानपाड्याचे_सीए

बरोबर. चाहता हा सभासद नाही, फार तर पागडीवाला. मनाने मालक, कागदावर कोणी नाही.

जर्मनीत मात्र खरंच सोसायटी आहे. ५०+१ चा नियम: निम्म्याहून जास्त मतं क्लबच्या सभासदांकडेच हवीत. शेठ कितीही मोठा असो, जीबीएमला (सर्वसाधारण सभेला) सामोरं जावंच लागतं. पळवाटा आहेतच. रेड बुलवाल्यांच्या लाइपझिग क्लबात मतदानाचा हक्क असलेले सभासद इतके मोजके की समजा सोसायटीचे सगळे मेंबर बिल्डरचे मेहुणे.

खारघरची_खार

आणि रेक्सहॅम! तिथे २०११ पासून क्लब चाहत्यांच्या ट्रस्टकडे होता. दोन हॉलिवूडवाले (एक अमेरिकन, एक कॅनेडियन, म्हणजे वेल्सला परदेशीच) आले, त्यांनी आधी सभासदांसमोर योजना मांडली, मग मतदान झालं. ९८.६ टक्के बाजूने. फेब्रुवारी २०२१ ला क्लब दिला आणि २०२३, २४, २५ अशी लागोपाठ तीन वर्षं वर चढले. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला रंग कोणता द्यायचा यावर ६० टक्केही जमत नाहीत.

तर्री_मारके

ते दीड टक्का कोण असतील याची मला उत्सुकता आहे. प्रत्येक सोसायटीत असतात. तळमजला, कोपऱ्यातला फ्लॅट.

पुणेरी_पाहुणा

ते आम्ही.

कोपरीचा_कोपरा

रंगावरून आठवलं. कार्डिफ सिटी! टोपणनाव ब्लूबर्ड्स, जर्सी निळी. मलेशियाचे मालक विन्सेंट टॅन यांनी २०१२ ला जर्सी लाल केली, लाल रंग आशियात शुभ म्हणून. पुढच्याच वर्षी क्लब प्रीमियर लीगला गेला, म्हणजे टॅनसाहेब म्हणणार बघा! एका वर्षात परत खाली. जानेवारी २०१५ ला जर्सी पुन्हा निळी. म्हणजे वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून संडास पाडून पुन्हा जागच्या जागी बांधला.

वाशीची_बौमा

नमस्कार, बहुतेक पहिल्यांदाच लिहितेय इथे. माहेर कोलकाता, सासर वाशी, बावीस वर्षं. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे इंग्लंडला कशाला जाता? २०२० मध्ये आमच्या मोहन बागानचं फुटबॉल एटीके या कोलकात्याच्याच नव्या क्लबबरोबर एक केलं. शेठ परदेशी नव्हता, कोलकात्याचाच. हिरवी-मरून जर्सी राहिली, पण नावापुढे "एटीके" लागलं. १९११ साली अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवणाऱ्या क्लबच्या नावापुढे सहा वर्षांची तीन अक्षरं! माझे बाबा टीव्हीवर मॅच लागली की स्क्रीनच्या कोपऱ्यात जिथे स्कोअर येतो तिथे काळी चिकटपट्टी लावायचे. स्कोअर दिसायचा नाही तरी चालेल, ते नाव दिसायला नको. आई ओरडायची, टीव्हीला डाग पडतो.

तीन वर्षं लोकांनी बॅनर लावले, मैदानात येणं सोडलं, आंदोलनं केली. मार्च २०२३ मध्ये कप जिंकला त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं की एटीके काढतोय. नवं नाव मोहन बागान सुपर जायंट. बाबांना शेपटीवरही आक्षेप आहे, पण चिकटपट्टी काढली.

सांगायचं म्हणजे, कागदावर आमच्याकडेही काही नव्हतं. पण शेठला ऐकावं लागलं, कारण आमच्याशिवाय सॉल्ट लेक रिकामं दिसतं. रागावू नका, पण अंधेरीची गॅलरी रिकामी दिसली तर कोणाला कळेल?

तर्री_मारके

आई गं. पण मारलं बरोबर.

नेरूळचा_नऊ_नंबर

वहिनी, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे. आणि प्रश्न थेट पोटात लागला. वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं ढोल घेऊन नव्वद मिनिटं ओरडतात, त्यांना तोड नाही. पण ती मूठभर.

ऐरोलीचा_आखाती

सगळं वाचलं. मला एका गोष्टीचा राग येतोय, स्पष्ट बोलतो.

टायनसाइड, तुम्ही जर्सी घेतली नाहीत म्हणून निषेध. ठीक. पण घरी सिलेंडर कुठून येतो? माझे वडील एकोणीस वर्षं अबू धाबीत होते, मी सहा. अर्धं कोकण त्या पैशावर उभं आहे, घरांचे चिरे त्या पैशाचे. तो पैसा आमच्या घरी आला की कष्टाचा आणि इंग्लंडच्या क्लबात गेला की रक्ताचा? गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांची भाषा आपण जशीच्या तशी उचलतो. त्यांचे स्वतःचे क्लब कोणत्या पैशावर उभे राहिले, गिरण्यांचा कापूस कुठून यायचा, ते नाही कोणी विचारत.

टायनसाइड_ठाणेकर

आखातीभाऊ, तुमच्या वडिलांनी काम केलं, पगार घेतला. त्याची तुलना सरकारी निधीने क्लब घेण्याशी कशी होईल? मजूर आणि मालक एकाच मापाने नाही मोजता येत. आणि मी स्वतःला संत म्हणवलेलं नाही, दोन डोळ्यांनी रडलो ते लिहिलंच आहे.

ऐरोलीचा_आखाती

मालकच नसते तर मजुरी कुठे मिळाली असती? पण ठीक आहे, तुमचा रोख माझ्यावर नाही हे समजलं. माझा मुद्दा एवढाच की "परदेशी" हा शब्द काढा. बौमाताईंचा शेठ देशी होता, त्रास तोच झाला.

धागा_संपादक

चर्चा चांगली चालली आहे. एकमेकांच्या घरच्या सिलेंडरवर जाऊ नये. – संपादक मंडळ

महाप्याचा_मजूर

मी फुटबॉल बघत नाही, पण परदेशी शेठ अनुभवलाय. आमची महाप्यातली छोटी कंपनी (नाव नको) एका युरोपियन कंपनीने घेतली. पहिल्या दिवशी हॉलमध्ये मोठं भाषण, तुम्ही आता जागतिक कुटुंबाचा भाग. केक कापला. दुसऱ्या आठवड्यात कँटीनचा चहावाला काढून मशीन बसवलं. त्या मशीनचा चहा म्हणजे कोमट पाण्यात पावडरीने जीव दिलेला. आम्ही गेटबाहेर टपरीवर जायला लागलो तर वेळेचा हिशेब मागायला लागले. चौथ्या वर्षी "धोरणात्मक आढावा" घेऊन निघून गेले. जुने शेठ परत आले, त्यांनी पहिल्याच दिवशी चहावाल्याला फोन केला. तो म्हणाला, आता माझं रबाळ्याला जमलंय.

तर नऊ नंबर, शेठ गेला हे महत्त्वाचं नाही. जाताना काय मोडून गेला, काय ठेवून गेला, ते बघा.

घणसोलीचा_गोली

हा बेस्ट प्रतिसाद. फुटबॉल न बघता.

ठेवून काय गेले ते मी सांगतो. एप्रिल २०२२, रियाध, आशियाई चॅम्पियन्स लीग. इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि जिंकून देणारा हेडर आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. हा दिवस सिटीच्या आधी स्वप्नात नव्हता.

आणि ६ नोव्हेंबर २०२३. रियाधचा अल हिलाल क्लब डी. वाय. पाटीलला! नेमार येणार म्हणून मी चार तिकिटं काढली, ऑफिसात भाव खाल्ला, आणि ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. तरी गेलो. ०-२ हरलो, पण तासभर बरोबरीत रोखून धरलं होतं. तेव्हा वर बसून एक गंमत लक्षात आली: अल हिलालचा ७५ टक्के हिस्सा सौदीच्या निधीकडे, तोच टायनसाइडभाऊंच्या न्यूकॅसलवाला. आणि आपला क्लब अबू धाबीचा. म्हणजे नेरूळच्या मैदानात अबू धाबी विरुद्ध रियाध चालू होतं आणि आम्ही मधे वडापाव खात बसलो होतो.

टायनसाइड_ठाणेकर

म्हणजे त्या दिवशी मी कोणाच्या बाजूने ओरडायला हवं होतं?? (मी गेलो होतो. मुंबईच्या बाजूनेच ओरडलो.)

ऑफसाइड_आजोबा

मुलांनो, मी सगळा धागा नातवाकडून मोठ्या अक्षरात करून घेऊन वाचला.

सत्तरच्या दशकात मी बँकेतून सुटलो की चर्चगेटला न जाता कूपरेजला जायचो. रोव्हर्स कप. लाकडी गॅलरी, पाऊस आला की छत्री उघडायची नाही, मागचा शिव्या देतो. तेव्हाच्या टीम म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपन्या. टाटा, महिंद्र, एअर इंडिया. मालक बघायला मिळायचे नाहीत, कामगार मिळायचे. त्यांच्या टीमला त्यांच्याच खात्यातला माणूस टाळ्या वाजवायचा.

महिंद्र युनायटेडने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली. चार वर्षांनी, २०१० ला, कंपनीने टीम बंद केली. शेठ अस्सल मुंबईचा, लाल जर्सी मुंबईची. पेपरात छोटी बातमी आली आणि संपलं. २००७ ला मुंबई एफसी आली होती, आय-लीगमध्ये नऊ हंगाम तगली, २०१७ ला खाली गेली आणि तीही मिटली. तिथे वर्षानुवर्षं टीम तगवून धरणारा खालिद जमील आज भारताचा प्रशिक्षक आहे, पण त्या क्लबचं कोणी नाव काढत नाही.

त्यामुळे नऊ नंबर, मला तुमच्या भाचीपेक्षा तुमचं नवल वाटलं. शेठ गेला आणि क्लब उरला, असं मी या शहरात पहिल्यांदाच पाहतोय. आमच्या वेळी दोन्ही बरोबरच जायचे.

सानपाड्याचे_सीए

आजोबा, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

कोपरीचा_कोपरा

अवांतर: आजोबा, रोव्हर्स कपवर वेगळा धागा काढा ना. प्लीज.

लालबुंद_वाशी

+१. अवांतराला अवांतर: कोपरखैरण्याला रविवारी सकाळी टर्फ आहे, सहाच जण आहोत, गोली पाहिजे. घणसोली, नाव पुरेसं नाही, खरंच थांबवता येतो का?

घणसोलीचा_गोली

सव्वासहाला उठवलं तर थांबवतो.

घोडबंदर_जॅम

मूळ प्रश्न राहिला. माझं मत: पेढे वाटले त्याची लाज नको. गळकं छत ज्याने पाहिलंय त्याने नाचावं. पण बिल्डरच्या होर्डिंगसमोर नाचू नये, स्वतःच्या दारात नाचावं. टॉवेल डोक्याला बांधणं म्हणजे होर्डिंगसमोरचं नाचणं.

वाशीची_बौमा

आणि जीबीएमला जावं. म्हणजे मैदानात.

ऐरोलीचा_आखाती

बौमाताईंना सहमत. अंधेरी लांब पडतं ही तक्रार मात्र रास्त आहे. २०१६ ला क्लब नेरूळ सोडून अंधेरीला गेला तेव्हा कोणी धागा काढला नव्हता. आम्हा नवी मुंबईकरांसाठी खरा पुनर्विकास तोच, आणि त्यात आम्हाला पर्यायी घर मिळालंच नाही.

नेरूळचा_नऊ_नंबर

आखातीभाऊ, हे तर मी विसरलोच होतो. शेठ देशी असतानाच क्लबने आमचं घर हलवलं होतं. मी तेव्हा नुसता "च्यायला" म्हणून हार्बर, मग मेन, मग घाटकोपरहून मेट्रो असा आझादनगरला जायला लागलो. २०२१ चा कप तर कोणालाच मैदानात बघता आला नाही. कोरोना, सगळ्या मॅच गोव्यात, गॅलरी रिकामी. नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने गोल मारला तेव्हा मी बाल्कनीत जाऊन थाळी वाजवली. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी घाबरून बाहेर आल्या, परत काय नवीन आलं म्हणून.

काल भाचीकडे गेलो होतो. तिला आजोबांचा प्रतिसाद वाचून दाखवला, बौमावहिनींची चिकटपट्टी सांगितली. चिकटपट्टीवर हसली. बाकी काही पटलं असं दिसलं नाही. मग मी बॅगेतून २०१४ ची जर्सी काढली, पाठीवर आनेल्का, हरवलेल्या पावभाजीचा डाग खिशाच्या जागी. मला आता ती पोटावर बसत नाही.

तिने उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "आनेल्का म्हणजे तो आपला आनेल्का? २००२ चा? सिटीचा?"

हो म्हटलं, तोच. तुझ्या सिटीला शेठ यायच्या आधीचा.

"म्हणजे तेव्हा पण सिटी होती?" म्हणाली, आणि जर्सी घेऊन आत गेली. परत दिली नाही.

तर्री_मारके

हरवलेली पावभाजी की हरलेल्या मॅचची पावभाजी?

नेरूळचा_नऊ_नंबर

दोन्ही. टायपो होता, पण राहू दे.

खारघरची_खार

पुढच्या घरच्या मॅचला कोण कोण येतंय ते लिहा. मी ठाण्याहून येणाऱ्या भाचीला घाटकोपरला भेटू शकते, आमच्या दोघी पोरी बरोबर असतील. आणि शेवटची मेट्रो किती वाजता सुटते, नक्की कोणाला माहीत आहे?